हिरवा कोट, पण कॉलर कुठली?

महोदय,
नेपोलियनकालीन ब्रिटिश रायफलधाऱ्यांच्या चित्रांत ९५व्या रायफल्स या रेजिमेंटच्या सैनिकाला सर्रास लाल कॉलर चढवतात. लाल कॉलर-कफ ६०व्या रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनचे, आणि त्यांच्या विजारी निळ्या. ९५व्यांचा कोट गर्द हिरवा, कॉलर-कफ काळे, त्यांना पांढरी बारीक किनार, छातीवर बटणांच्या तीन उभ्या रांगा, विजारही हिरवीच. कातडी पट्टे काळे. पांढरे रंगवले तर सगळा लपण्याचा हेतूच बुडाला! छटा पोपटी नको, जवळजवळ काळपट हवी. त्या काळी कापड निळीत बुडवून वर पिवळा रंग चढवत. उन्हात पिवळा आधी उडतो, म्हणून जुना कोट निळसर दाखवला तरी चालेल.

– एक वाचक