दार अर्धंच उघडलं होतं, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

मागच्या वेळी तू आलास तेव्हा मी दार हातभर उघडलं आणि फटीतच उभा राहिलो. आत पाहुणे आहेत, असं काहीतरी बोललो. पाहुणे कसले! तू चकार शब्द न काढता परत गेलास आणि जिन्यातला तुझ्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत मी कडी धरून उभा होतो. माफी तेव्हाच मागायची होती. पण माफी मागून पुन्हा दार लावूनच बसायचं असेल तर तिला काय अर्थ? म्हणून आधी घर उपसलं, आता लिहायला बसलोय.

ते वर्ष कसं गेलं हे तुला माहीत आहे, त्यात पुन्हा शिरत नाही. घर एका दिवसात घाण होत नाही रे. आधी एक कोपरा आपण बघायचं सोडतो, मग एक खोली. शेवटी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एक पायवाट उरली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कागद, रिकामे डबे, कपडे, पिशव्या. फ्रीज तर मी चार महिने उघडलाच नव्हता.

पहिला दिवस वाया घालवला, तोही मोठ्या उत्साहात. घासणी घेतली आणि ओट्यामागच्या टाइल्सना भिडलो. दोन तासांनी तीन टाइल्स चकचकीत आणि पायाशी कचरा तसाच, वर साबणाच्या पाण्याने भिजून लगदा झालेला. रडू यायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी स्वतःला दटावलं की आज पाण्याला हात लावायचा नाही, फक्त पिशव्या भरायच्या. एकेक वस्तू उचलायची आणि एवढंच विचारायचं, हा कचरा आहे की नाही? फोटो, पत्रं, जुनी बिलं असं काही दिसलं की न वाचता एका खोक्यात. वाचायला बसलास की दिवस बुडाला. संध्याकाळपर्यंत एकतीस पिशव्या झाल्या. त्या खाली नेताना कुणी बघू नये म्हणून मी अंधार पडायची वाट बघितली, हेही तुला सांगून टाकतो.

कपाटामागे उंदराच्या लेंड्या निघाल्या. झाडू घेऊन सरसावलो होतो, नशीब आठवलं. वाळलेल्या लेंड्या झाडल्या की त्यांची धूळ उडते, ती नाकात जाते, आणि काही जातींच्या उंदरांपासून हंता विषाणू असाच श्वासावाटे माणसात येतो. म्हणून आधी खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबलो. मग हातमोजे, तोंडाला एन-९५ मास्क, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात कालवून त्यांच्यावर हळूच शिंपडलं, पाच मिनिटं मुरू दिलं आणि कागदाने टिपून पिशवीत. झाडू नाही, व्हॅक्यूमही नाही.

मग जळमटं. छतापासून खाली यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मी आधी फरशी पुसली आणि नंतर पंखा. पंख्याच्या पात्यांवरची धूळ पापुद्र्यासारखी सुटून ओल्या फरशीवर पडली आणि तिचा चिखल झाला. फरशी पुन्हा पुसली. त्यानंतर मात्र पात्याला जुन्या उशीचा अभ्रा चढवायचा आणि ओढून घ्यायचा, म्हणजे धूळ अभ्र्याच्या आतच राहते.

आता स्वयंपाकघर. इथेच माझे डोळे उघडले, म्हणून जरा लांबण लावतो. शेगडीच्या वरच्या कपाटावर जो पिवळा राप चढला होता ना, तो तेलाचाच, पण तेल राहिलेलं नव्हतं. बोट लावलं तर धड ओलं नाही, धड कोरडं नाही, बोटाला हलकेच धरून ठेवायचं. तेलाच्या वाफा बसतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना हळूहळू एकमेकांत गुंफतो आणि महिन्यांनी त्यांचं रोगणासारखं कवच होतं. जवसाच्या तेलातले रंग कॅनव्हासवर वाळतात ते याच रीतीने. म्हणजे मी दीड वर्षं भिंत रंगवत होतो म्हण! अशा कवचापुढे मनगटाचा जोर काय कामाचा? गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, जुनी फडकी त्यात बुडवून टाइल्सवर चिकटवली आणि चक्क बाहेर जाऊन बसलो. वीस मिनिटांनी फडकं सोललं तर खाली मधाच्या रंगाचे ओघळ. उलथन्याच्या बोथट कडेने ढकललं की राप सायीसारखा गोळा होऊन येत होता. पहिल्या दिवशी मी दोन तास झगडलो ते काम अक्षरशः फडक्याने केलं. हा सोडा ॲल्युमिनियमला मात्र लावू नकोस. माझ्या एक्झॉस्टची जाळी त्याने काळी पडली, ती आता तशीच राहणार.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची जी टूम आहे, तीही करून पाहिली. फेस झकास येतो. पण एक आम्ल, दुसरा अल्क, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती जवळजवळ खारट पाणीच उरतं. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे.

न्हाणीघरातल्या नळांवर पांढरे थर होते. ते पाण्यातल्या चुन्याचे, तिथे सोडा हात टेकतो, आम्लच लागतं. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला कागद नळाला रात्रभर गुंडाळून ठेवला, सकाळी थर नखाने निघाला. फरशी संगमरवरी असेल तर तिच्यावर थेंबही सांडू नकोस, संगमरवरही चुनाच.

आणि इथेच मी मूर्खपणा केला. संडासात आम्लाचं क्लीनर ओतलं होतं, ते न धुताच वर ब्लीच ओतलं, दुप्पट स्वच्छ होईल म्हणून. क्षणात घशात कुणी काटेरी काहीतरी कोंबल्यासारखं झालं. तो क्लोरीन. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळच्या खंदकांवर सोडला होता तोच वायू, आणि मी तो माझ्या तीन फुटी संडासात बनवला! धावत बाहेर आलो, खिडक्या सताड उघडल्या, तासभर आत पाऊल टाकलं नाही. खोकला दोन दिवस राहिला. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच तसंच, तिथे दुसरा विषारी वायू होतो. तेव्हापासून ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काही नाही, आणि तेही घाण धुऊन झाल्यावर. मळावर ओतलेलं ब्लीच मळातच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. सुरुवातीला मी बाटलीभर असंच फुकट घालवलं. कालवलेलं पाणीही रोज ताजं करावं लागतं, ठेवलं की त्याचा जोर जातो.

फ्रीजबद्दल थोडक्यातच सांगतो. एक डबा मी न उघडता फेकला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी होती, ती जुन्या टूथब्रशने काढली. बर्फ सुरीने खरवडायचा मोह आवरला, आतली नळी फुटली असती तर फ्रीजच गेला असता. बंद करून खाली टॉवेल अंथरले आणि झोपलो.

सगळं मिळून अकरा दिवस लागले, रोज तीन तास. त्याहून जास्त केलं की दुसऱ्या दिवशी उठावंसं वाटायचं नाही. सातव्या दिवशी खिडकीची काच पुसली आणि समोरच्या झाडाला इतकी पानं आहेत हे दिसलं. मी आपला आकाशच धुरकट आहे समजत होतो. त्या दिवशी मग पुढचं काही केलंच नाही, खिडकीशी बसून राहिलो.

आतली छोटी खोली अजून तशीच आहे. तिचं दार लोटून घेतलंय. त्या खोक्यातली पत्रंही वाचलेली नाहीत, त्यात तुझीच निम्मी असतील. ती एकट्याने उघडायला नको वाटतं.

तेव्हा येत्या रविवारी ये. फोन करू नकोस, नाहीतर मी काहीतरी कारण काढीन. दार याही वेळी अर्धंच उघडेल, कारण त्याच्यामागे टाकून द्यायची तीन खोकी रचलेली आहेत. जरा तिरका होऊन आत ये, आणि जाताना त्यातलं एक खाली घेऊन जा.

तुझाच,
मी