लाल डोळ्यात उरलेला ड्रॉप टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्याला झाडाची फांदी लागली, नुसतं खरचटलं होतं, म्हणून आम्ही घरात आधीच्या दुखण्यातला उरलेला स्टेरॉइडचा ड्रॉप टाकत राहिलो. दोन दिवस तिला खूप बरं वाटलं, लाली उतरली आणि आठवड्याभरात बुबुळावर पांढरा डाग. फंगल, म्हणजे बुरशीचं, इन्फेक्शन निघालं. डोळा वाचला पण फूल पडलं ते पडलंच. बरं वाटत होतं तर बिघडलं कसं, हे मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, वाचलं पण, आणि ते सगळ्यांना कळायला हवं असं फार वाटतं.

डोळ्यासमोरची काच म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून तर आरपार दिसतं. रोज धुळीतून बुरशीचे बीजाणू डोळ्यात जातातच पण पापणी त्यांना पुसून टाकते, अश्रूंमधलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह पकडून ठेवतं म्हणजे बुरशीला ते मिळत नाही, आणि वरचा पातळ थर शाबूत असेल तर आत शिरायला वाटच नसते. फांदीने ती वाट करून दिली.

अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीच्या बीजाणूवर एक आवरण असतं त्यामुळे तो शरीराला आधी ओळखूच येत नाही. तो रुजून धागे फुटले की त्यांच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन नावाचं साखरेसारखं द्रव्य उघडं पडतं आणि आपल्या पेशींवरचं डेक्टिन-१ नावाचं प्रथिन ते बरोबर हेरतं. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावणं जातं, त्या कडेच्या रक्तवाहिन्यांतून निघून कॉर्नियात घुसतात, डोळा लाल दिसतो तो याच धावपळीने. धागा लांबलचक, गिळता येत नाही, म्हणून त्या त्याच्यावर जहाल रसायनं ओततात, बुरशीला लागणाऱ्या जस्ताचा पुरवठासुद्धा तोडतात. पण त्याच माऱ्यात कॉर्निया ज्याची बनलेली असते ते आपलं कोलॅजनही विरघळतं. फूल पडतं त्यात बुरशीइतकाच या लढाईचाही हात असतो, हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं.

स्टेरॉइडने लाली उतरते कारण या पेशी यायच्या थांबतात. बुरशी थांबत नाही, तिला उलट मोकळं रान मिळतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

खरा इलाज म्हणजे डाग खरवडून स्लाइडवर बघायचा आणि बुरशी दिसली की नाटामायसिन ५ टक्के हा बुरशीवरचा ड्रॉप, सुरुवातीला तासातासाला, पुढे कितीतरी आठवडे. २०१३ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत हे जुनं औषध नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं, फ्युझेरियम बुरशीत तर जास्तच. फक्त ते खोलवर नीट पोचत नाही, म्हणून उशीर केला की काम अवघड होतं.

तुमच्या आरोग्याच्या पानावर एवढं जरूर छापा की ड्रॉपच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यातलं काही लिहिलेलं असेल तर तो आपल्या मनाने टाकू नका, आणि डोळ्याला पान, फांदी, माती असं काही लागलं असेल तर डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आपली,
एक वाचक