रूथ ब्राऊन आणि खतावणीतली बाकी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन ब्लूज गायकांवर जी मालिका चालू आहे, ती मी आवडीने वाचतो. रूथ ब्राऊनवरचा लेखही एका बैठकीत वाचला. तिच्या आवाजाचं वर्णन छान उतरलं आहे. पण शेवटाकडे, लोकप्रियता ओसरली, नशीब फिरलं आणि बाईंवर लोकांच्या घरी काम करायची वेळ आली, अशा अर्थाचं जे लिहिलंय तिथे मी अडलो. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेली. 'नशीब' नावाचं खातं मला कुठल्याही खतावणीत दिसलं नाही. रूथ ब्राऊनचा पैसा कुठे गेला ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, आणि लेखात नेमकं तेच राहून गेलंय.

सुरुवात लेखात आलीच आहे, म्हणून थोडक्यात. 1928 साली व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथ गावी जन्म. वडील गोदीत काम करायचे आणि चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख होते, त्यामुळे त्यांच्या लेखी चर्चबाहेरचं गाणं म्हणजे सैतानाचं गाणं. सतराव्या वर्षी पोरगी जिमी ब्राऊन नावाच्या ट्रम्पेटवाल्याबरोबर पळून गेली. पुढे वॉशिंग्टनमध्ये ब्लँच कॅलोवेने तिला हाताशी धरलं. ही प्रसिद्ध बँडवाल्या कॅब कॅलोवेची बहीण, आणि स्वतः बँड चालवलेली बाई. तिनेच न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात कार्यक्रम ठरवला. ऑक्टोबर 1948 मध्ये तिकडे जाताना पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरजवळ मोटारीला अपघात झाला आणि रूथचे दोन्ही पाय जायबंदी झाले. कित्येक महिने ती रुग्णालयात होती.

अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी तेव्हा अगदी बाळसं न धरलेली. तुर्की राजदूताचा मुलगा अहमेत एर्तेगुन आणि त्याचा भागीदार हर्ब अब्रॅमसन, दोघंही जॅझचे वेडे. रूथच्या एकविसाव्या वाढदिवसाला एर्तेगुन रुग्णालयात गेला तो स्वरलिपी वाचायला शिकवणारं पुस्तक, सूर लावायची शिट्टी आणि लिहायला वही घेऊन. करारही तिथेच, खाटेवर. या प्रसंगाचं आपल्या लेखात फार कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. कंपनीचे मालक काही खलनायक नव्हते, त्यांना खरोखर गाण्याची चाड होती. पण हिशेब तपासणाऱ्याला एक गोष्ट खटकतेच. पायांना प्लास्टर घातलेली, दुसरी कुठलीच कंपनी दारात उभी नसलेली एकवीस वर्षांची मुलगी कराराच्या कलमांवर काय घासाघीस करणार?

1949 च्या मे महिन्यात, कुबड्या घेऊनच, तिने 'सो लाँग' म्हटलं. तिचा ओढा अशाच संथ, विरहाच्या गाण्यांकडे होता. कंपनीने तिला उडत्या ठेक्याकडे वळवलं आणि 1950 सालचं रूडी टूम्सचं 'टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' अकरा आठवडे रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या श्रोत्यांमधल्या ठेकेदार गाण्यांच्या, लोकप्रियतेच्या यादीत पहिलं राहिलं. स्वर वर नेताना शेवटी तो किंचित फाटू द्यायचा, जवळजवळ किंकाळीसारखा, ही तिची खूण. गंमत म्हणजे '(मामा) ही ट्रीट्स युअर डॉटर मीन' हे 1953 चं सर्वांत गाजलेलं गाणं तिला आधी आवडलंच नव्हतं. 1949 ते 1955 या काळात तिच्या तबकड्या एकूण 149 आठवडे त्या यादीत होत्या आणि पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमला बेसबॉलपटू बेब रूथमुळे 'रूथने बांधलेलं घर' म्हणत. तेच नाव लोकांनी अ‍ॅटलांटिकला दिलं, ते या रूथमुळे.

आता घर बांधणारीला काय मिळालं ते पाहू.

त्या काळच्या करारांची रीत अशी होती. विक्रीवर गायिकेला काही टक्के रॉयल्टी, कागदावर पाच टक्क्यांच्या आसपास. पण स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, संगीत संयोजन, वेळोवेळी हातात दिलेली उचल, हे सगळं गायिकेच्या नावे टाकायचं आणि ते वसूल होईपर्यंत तिला काही द्यायचं नाही. एक साधा हिशेब मांडून दाखवतो, आकडे समजुतीपुरते. तबकडी एक डॉलरची, वाटा पाच सेंट, ध्वनिमुद्रणाचा खर्च हजार डॉलर. म्हणजे वीस हजार तबकड्या खपेपर्यंत गायिकेच्या हातात भोपळा. कंपनी मात्र वीस हजार तबकड्यांवरचा आपला नफा पहिल्या दिवसापासून जमा करत असते. पुढची दोन गाणी पडली तर त्यांचा खर्च चाललेल्या गाण्याच्या वाट्यातून कापायचा आणि उरलेली बाकी पुढे ओढत न्यायची. गाणं दहा वर्षं विकलं जाईल, तरी गायिका कायम देणेकरी. यात खोटी नोंद एकही नसते, हीच तर खुबी.

रेडिओचं आणखी वेगळं. अमेरिकी कायद्यानुसार रेडिओवर तबकडी वाजली की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला एक सेंटही नाही. आजसुद्धा नाही! रूथ गाणी लिहीत नव्हती, गात होती. त्यामुळे देशभर वाजलेल्या तिच्या आवाजाची कमाई तिच्यापर्यंत यायला रस्ताच नव्हता. वर 'ओ व्हॉट अ ड्रीम' सारखं या काळ्या गायिकेचं गाणं गोऱ्या पॅटी पेजने म्हणावं आणि गोऱ्या श्रोत्यांनी ते घ्यावं. तिचा खरा पैसा दौऱ्यांतून यायचा. दक्षिणेतल्या सभागृहांत मधोमध दोर बांधलेला असायचा, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे, आणि समोर ही. दौरे थांबले की मिळकत थांबली.

1961 मध्ये ती अ‍ॅटलांटिकमधून बाहेर पडली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दोन मुलांना वाढवताना तिने शाळेची बस चालवली, लोकांच्या घरी साफसफाई केली. आपल्या लेखाने 'नशीब फिरलं' म्हटलंय ते इथे. साधारण याच सुमारास, 1967 साली, अ‍ॅटलांटिक वॉर्नर-सेव्हन आर्ट्सला विकली गेली, 1 कोटी 75 लाख डॉलरला. त्या किमतीत जुन्या गाण्यांचा साठाही होता, म्हणजे रूथची गाणीही होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की नशिबाला मध्ये आणायची गरज उरत नाही.

1970 च्या दशकाच्या मध्यात विनोदी नट रेड फॉक्सने तिला लॉस एंजेलिसला बोलावून काम दिलं आणि ती पुन्हा रंगमंचावर आली. त्यानंतर भेटला हॉवेल बेगल, वॉशिंग्टनचा वकील आणि तिचा जुना चाहता. कार्यक्रमानंतर तो तिच्या तबकड्या सहीसाठी घेऊन गेला. परदेशात पुन्हा काढलेल्या या तबकड्यांना त्याने भरपूर पैसे मोजले होते. यातलं तुम्हाला किती मिळतं, असं विचारल्यावर काहीच नाही असं उत्तर आलं. त्याने फी न घेता पाठपुरावा सुरू केला. कंपनीच्या लेखी बाईंची बाकी अजून वसूल व्हायची होती!

इतक्या जुन्या करारावर कोर्टात जायचं तर मुदतीचा कायदा आडवा येतो. म्हणून दोघांनी प्रकरण चव्हाट्यावर मांडलं. रूथने अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे साक्ष दिली, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या जेसी जॅक्सनसारख्या नेत्यांनी आवाज उठवला, वृत्तपत्रं आणि टीव्हीने बातम्या केल्या. बाई खमकी होती. स्वतःपुरती तडजोड करून गप्प बसणं सोपं होतं, तिने आपल्या पिढीतल्या बाकीच्यांनाही बरोबर घेतलं. 1988 च्या मे महिन्यात कंपनीचा चाळिसावा वर्धापनदिन न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये साजरा व्हायचा होता, आणि जिच्या नावावर घर बांधलं तीच पैशांसाठी भांडतेय हे शोभणारं नव्हतं. कंपनीने मान्य केलं: रूथ आणि तिच्या काळातले आणखी 35 कलावंत यांच्या नावावरच्या न फिटलेल्या बाक्या माफ, आणि मागच्या वीस वर्षांची रॉयल्टी. शिवाय सुमारे वीस लाख डॉलर देऊन रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. जुन्या कलावंतांना आजारपणात, अडीअडचणीत हे पैसे उपयोगी पडले.

खरं तर 'माफ' हा शब्द मला पटत नाही. जे कर्ज मुळात कंपनीच्या धंद्याचा खर्च होता, ते माफ कसलं करायचं? पण करारपत्रात असेच शब्द असतात, आणि बाकी शून्यावर आली हे महत्त्वाचं.

नाटकासाठीचा टोनी आणि संगीतासाठीचा ग्रॅमी पुरस्कार, 1988 चा 'हेअरस्प्रे' चित्रपट, 1993 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, हे आपल्या लेखात सविस्तर आलंच आहे. 2006 च्या नोव्हेंबरात ती गेली, तेव्हाच्या मृत्युलेखांमध्ये रॉयल्टीचा लढा तिच्या गाण्यांच्या बरोबरीने मांडलेला होता. आपल्या लेखात त्याला एक ओळही मिळू नये, याचं वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

एक विनंती. मालिकेत पुढे गायिका लव्हर्न बेकर येणार असेल, तर तिचाही हिशेब यावा. तीही अ‍ॅटलांटिकचीच. आपल्या गाण्यांच्या हुबेहूब नकला गोऱ्या गायिका काढतात म्हणून तिने 1955 मध्ये थेट काँग्रेसच्या प्रतिनिधीला पत्र लिहून कायदा करा अशी मागणी केली होती. नंतर कित्येक वर्षं ती फिलिपिन्समधल्या अमेरिकी नाविक तळावर मनोरंजनाचं काम पाहत राहिली. 1988 च्या त्याच सोहळ्यासाठी ती परत आली, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू' या संगीतमय प्रयोगातून रूथ बाहेर पडल्यावर तिच्या जागी लव्हर्नच उभी राहिली.

आपला,
एक निवृत्त हिशेब तपासनीस