मामा, तुम्ही शिवलेली टोपी ससाण्याला नेमकी बसली

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

नायलॉन मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी संक्रांत आली की आमच्याकडे उपचाराला पंख कापलेले पक्षी येतातच. यंदा जायकवाडीच्या काठावरून वन विभागाच्या माणसांनी बहिरी ससाणा आणला. डॉक्टर होते, औषधं होती. त्याला धरायचं, बसवायचं आणि शांत ठेवायचं सामान मात्र नव्हतं. शिकारी पक्षी पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण मग जखमी पक्ष्यासाठी लागणारं सामानही आपल्याकडे दुकानात मिळत नाही. मी चित्रं घेऊन तुमच्या चामडंकामाच्या टपरीवर आले आणि तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत.

टोपीबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचंय. डोळे झाकले की ससाणा धडपड थांबवतो, मलमपट्टी करू देतो. पण चामडं डोळ्याला टेकता कामा नये. चोचीची खाच लहान झाली तर तोंडाचे कोपरे सोलतात, मोठी झाली तर आत उजेड शिरतो. तुम्ही लाकडाचा छोटा फर्मा केलात, ओलं चामडं त्यावर ताणून डोळ्यांपाशी फुगवटा काढलात. देण्याआधी आतल्या कडेवरून करंगळी फिरवलीत, एक टाका बोटाला लागला तर तो उसवून पुन्हा घातलात. ससाण्याच्या डोक्याची एवढी काळजी मी कुणाला करताना पाहिली नव्हती.

पक्ष्याला धरून ठेवायच्या पायातल्या पट्ट्या दाखवल्या तेव्हा तुम्ही विचारलंत, "सुटून गेला अन् बाभळीत अडकला तर?" नेमकं तेच होतं. टोकाला चीर असलेली पट्टी फांदीत गुंतते आणि पक्षी उलटा लटकून मरतो. म्हणून पायाभोवती मऊ कडं, त्यात बुटाच्या नाडीचं आयलेट आणि ओढली की निघणारी पट्टी, असं ठरलं. उडवताना चीर नसलेली पट्टी घालायची. दोरीला पीळ बसू नये म्हणून गुरांच्या साखळीला असते तशी, पण लहान भोवरकडी तुम्हीच शोधून दिलीत.

हातमोजा डाव्या हाताचा, मनगटाच्या वरपर्यंत, अंगठा आणि तर्जनीवर दुहेरी चामडं. नखं आत शिरली नाहीत. त्याच्या बसायच्या अड्ड्याला काथ्या गुंडाळला, कारण सपाट, गुळगुळीत बैठकीवर तळव्यांना फोड येऊन पू होतो. पिसं मोडू नयेत म्हणून शेपटीला जुन्या एक्स-रे फिल्मचं म्यान केलं. रोज सकाळी काट्यावर वजन घेतलं, मग मोकळ्या रानात लांब दोरीवर उडवून पंखात ताकद आणली.

हे ससाणे थंडीत उत्तरेकडून येतात, उन्हाळ्याआधी परततात. मार्चमध्ये डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. पायातली कडी कापून काढली आणि वन विभागाच्या लोकांसमोर त्याला धरणाच्या काठावर सोडलं. पहिल्याच झेपेत तो वाऱ्यावर वर चढला. तुम्ही यायला हवं होतं, मामा.

तुमच्या हातच्या कामामुळे तो वाचला, हे डॉक्टरही म्हणतात. मनापासून आभार.

अजून दोन हातमोजे लागतील, त्यातला एक लहान मापाचा, आता मुलीही मदतीला येतात. सोमवारी माप घेऊन येते. गेल्या वेळी तुम्ही फक्त चामड्याचे पैसे घेतलेत, या वेळी मजुरीही घ्यावीच लागेल.

तुमची भाची