बाबा, फियाटला डिस्क बसवायचं कॅन्सल

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी "तुला काय कळतंय ब्रेकमधलं" म्हणून बाबांनी फोन आईच्या हातात दिला आणि आईने विषय लोणच्यावर नेला, त्यामुळे जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. आणि तसंही बाबा, तुम्हाला हल्ली फोनवर निम्मं ऐकू येत नाही (येतं म्हणता, पण येत नाही), म्हणून लिहून पाठवतोय. आई, मोबाईलवर अक्षरं मोठी करून दे त्यांना.

दिवाळीत मी बोललो होतो ना, आपल्या फियाटचे पुढचे ड्रम ब्रेक काढून मारुतीचे डिस्क ब्रेक बसवू, उद्यमनगरात लेथवर ब्रॅकेट करून घेऊ, दोन दिवसांचं काम आहे म्हणून, ते मी मागे घेतोय. सगळंच. तेव्हा तुम्ही काही न बोलता चहा पीत बसला होतात त्याचा मला राग आला होता, आता कळतंय का बसला होतात ते.

कारण इथली माझी मिनी, ती छोटी इंग्लिश गाडी. १९७८ची आहे, ९९८ सीसी, चारी चाकांना ड्रम, आपल्या फियाट पद्मिनीसारखेच. ही गाडी १९५९ला आली आणि २०००ला बंद झाली, म्हणजे आपली पद्मिनी कुर्ल्यात बंद झाली साधारण तेव्हाच, आणि मिनी जिथे बनायची तो इथला बर्मिंगहॅममधला लाँगब्रिजचा कारखाना माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होता, आता तिथे मॉल आणि घरं झालीत. तर इथल्या पावसात पुढचा अचानक थांबला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, म्हणून म्हटलं डिस्क टाकू. कंपनीनेच १९८४पासून सगळ्या मिनींना पुढे ८.४ इंची डिस्क दिली होती, म्हणजे बाहेरचं काही चिकटवायचं नाही, त्याच गाडीचा नंतरचा पार्ट, बसणारच की. एका मोडीत निघालेल्या मिनीचा अख्खा सेट मिळाला, हब, डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी आवळणारा कॅलिपर सगळं, २८० पौंडात. मी खूश.

पहिल्याच शनिवारी कळलं की चाकच बसत नाही. माझी चाकं १० इंची, आणि डिस्क जरी ८.४ इंच असली तरी तिच्यावर कॅलिपर बसतो तो बाहेर येतो आणि रिमला आतून घासतो. म्हणूनच कंपनीने १९८४ला डिस्कबरोबर १२ इंची चाकं दिली होती, आणि चाक बाहेर आलं म्हणून मडगार्डवर प्लास्टिकच्या पट्ट्याही दिल्या, हे मला नंतर वाचून कळलं, आधी वाचायला काय झालं होतं देव जाणे. १० इंचाच्या आत मावणारी डिस्क आहे, ७.५ इंची, मिनीच्याच जुन्या कूपर एस मॉडेलची, पण तिची किंमत विचारली आणि गप घरी आलो.

मग १२ इंची चाकं, टायर १४५/७०. ती जुन्यापेक्षा दोनेक सेंटीमीटर उंच, त्यामुळे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६२-६३ मैलाने पळते, आणि स्टेअरिंग पूर्ण कापलं की टायर आत घासतोय. ड्रमच्या हबला ॲक्सलचा जो जॉइंट असतो तो डिस्कच्या हबला चालत नाही, डिस्कचा जाड असतो, म्हणून तोही बदला. मग इन्शुरन्सवाल्याला कळवा, इथे गाडीत काहीही बदललं की सांगावं लागतं, नाहीतर ऐनवेळी हात वर करतात. आई, तू म्हणतेस ना, एक टाका उसवला की अख्खी उशी, तसं झालं.

पण बाबा, हे सगळं पैशांचं दुखणं. भीती वाटली ती दोन गोष्टींची.

पहिली, पायपांचे आटे. जुन्या इंग्लिश गाडीचा ब्रेक पायपाचा नट इंचातला, ३/८, आणि नंतरच्या पार्टांमध्ये बऱ्याच ठिकाणी १० मिलीमीटरचा. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. इंचाचा नट मिलीमीटरच्या भोकात हाताने छान फिरतो, पान्याने थोडा आवळला तर बसल्यासारखाही वाटतो, पण आटे नुसते टोकाला टोक धरून असतात. पाय जोरात पडला की निघून येणार. मी एक असा बसवला होता! पायपाच्या तोंडाचा फुगा पण दोन प्रकारचा असतो, तोही जुळायला लागतो, नाहीतर झिरपतं. तो नट मी सहज परत हलवून बघितला म्हणून कळलं, बाबा. तसाच रस्त्यावर गेलो असतो तर काय, ते लिहीत नाही, आई वाचतेय.

दुसरी गोष्ट पेडलची. सगळं जोडलं, पायपांतली हवा (एअर) काढली, परत काढली, तीन बाटल्या ब्रेक ऑइल संपवलं, पेडल आपलं गादीसारखं. मला वाटलं पेडलने ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर लहान पडतोय, कारण कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं, तेवढं ढकलायला पेडल खोल जाणार. मोठा सिलेंडर घातला तर पेडल वर येतं पण दगड होतं. मी नवीन ऑर्डर करायच्या बेतात होतो. शेजारचे आजोबा आहेत ना, तुमच्याशी व्हिडिओवर हातवारे करून बोलले होते ते, आयुष्य लाँगब्रिजच्या कारखान्यात गेलंय त्यांचं, ते काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि हसायलाच लागले. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. त्यामुळे एअर काढायचा निपल खाली गेला, आणि हवा तर वर राहणार, ती खालून कशी निघेल. चार शनिवार गेले त्यात. इंजिनियर मुलगा तुमचा.

आता पेडल ठीक आहे. पण एका ओल्या सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये जोरात दाबून बघितलं तर मागची चाकं आधी लॉक झाली आणि गाडीने शेपूट फिरवलं. आजोबांनी समजावलं ते तुम्हाला सांगतो कारण इथेच आपल्या फियाटचा मुद्दा येतो. ड्रममध्ये आतून दाबणारा शू एकदा घासायला लागला की फिरणारा ड्रम त्याला स्वतःच आणखी आत ओढतो, म्हणून थोड्या पायात जास्त ब्रेक लागतो. डिस्कमध्ये ते नाही, सगळा जोर पायाचा, म्हणून बहुतेक गाड्यांत पायाला मदत करणारा बूस्टर लागतो. मी पुढे डिस्क टाकल्यावर पाय जास्त जोरात देणार, तेच प्रेशर मागे जाणार, आणि मागे अजून ड्रमच आहेत, ते स्वतःचं स्वतः ओढून घेणारे. मग मागचं आधी धरणार. त्यासाठी मागचे व्हील सिलेंडर (चाकात शू ढकलणारे) आणि मागचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह हे पुढच्याशी जुळवून लागतात. मिनीला निदान कंपनीचाच जुळवलेला सेट मिळतो, तो मी आता मागवलाय. फियाटला मारुतीची डिस्क लावली तर हे कोणी जुळवायचं? उद्यमनगरातला माणूस ब्रॅकेट दोन तासात करून देईल, एक नंबर देईल, पण आंबा घाटात पावसात मागचं चाक कधी घसरेल हे लेथवर कळत नाही. शिवाय बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे इंजिन चालू हवं, आणि काका अजून उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून न्यूट्रलला सोडतात, त्यांना तर चावीच देऊ नका. आणि पुढच्या पासिंगला आरटीओत हे कसं समजावणार होतो तेही मी तेव्हा ठरवलं नव्हतं.

म्हणजे ड्रम राहू देत. लहानपणी साखरप्याच्या बाजूला उतरताना तुम्ही मध्येच गाडी बाजूला घ्यायचात, आई भाकरी सोडायची आणि चाकांचा तो करपल्यासारखा वास यायचा, मला वाटायचं गाडी खराब आहे. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, हे तुम्ही तेव्हा हजार वेळा सांगितलं असेल.

पण ड्रम राहू देत म्हणजे आहे तसं राहू दे असं नाही, इथे मी ऐकणार नाही. तुम्ही म्हणालात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. "जुनी गाडी आहे, ओढणारच." नाही बाबा. डावीकडे ओढते म्हणजे उजवं चाक कमी धरतंय. एकतर उजव्या व्हील सिलेंडरचा रबर गेलाय आणि शूवरच्या लायनरला ऑइल लागलंय, नाहीतर ऑइलचा उजवा रबरी होज (नळी) आतून फुगून बंद झालाय. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, आतून गेलेला असतो. आपल्या गाडीचे होज कधी बदलले ते मला तरी आठवत नाही, आणि गाडी ८९ची आहे.

मिस्त्रींना सांगून पुढची दोन्ही चाकं उघडा, एकच नको. तिन्ही होज नवीन, पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलवरचा एक. सिलेंडरची किट चारी चाकांना. ऑइल लागलेला लायनर पेट्रोलने पुसून परत लावतात तसं करू देऊ नका, दोन्ही बाजूंचे बदला. ड्रमला रेघा असतील तर लेथवर लेव्हल मारून घ्या, पण फार पातळ नको. ब्रेक ऑइल सगळं काढून नवीन डॉट ४, सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला लावा, ते हवेतलं पाणी ओढतं. पैसे मी पाठवलेत, परत पाठवू नका मागच्यासारखे.

आई, एक काम तुझ्याकडे. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला मामाकडे जायचं ठरलंय हे मला मामीकडून कळलंय, तुम्ही दोघांनी सांगितलेलं नाही. तोपर्यंत काम झालं नसेल तर एसटीने जा. फियाटची चावी तांदळाच्या डब्यात ठेव, तिथे ते बघत नाहीत.

बाबा, तुम्हीही वाचताय हे माहितीये मला. तरी डबा बदलेल ती.

उघडलेल्या उजव्या चाकाचा फोटो पाठवा, जवळून, लायनर दिसेल असा.

तुमचा,
बंड्या