खड्डे मे महिन्यात, रोपे मृगात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना निम्म्याहून अधिक सरला आहे. ग्रामपंचायती, शाळा आणि युवक मंडळे याच दिवसांत वृक्षारोपणाची आखणी करतात आणि त्यांच्यासमोर बहुधा दोनच तारखा असतात: ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातला वनमहोत्सव. गोव्याची माती आणि गोव्याचा पाऊस पाहता या दोन्ही तारखा सोहळ्याला सोयीच्या असल्या तरी रोपाला गैरसोयीच्या आहेत, असे माझे मत आहे.

वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केली. दिल्लीकडे मोसमी पाऊस जूनच्या अखेरीस पोहोचतो, त्यामुळे उत्तर भारताला जुलैचा आरंभ योग्यच होता. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. १९६१ च्या मुक्तीनंतर हा आठवडाही आपण जसाच्या तसा स्वीकारला. आपल्याकडे मात्र पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि मान्यवर फावडे हाती घेतात तोवर जमीन महिनाभर भिजत पडलेली असते.

वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या आपल्या पावसात जुलैचा वाटा सर्वांत मोठा. सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, मातीचा थर पुष्कळदा वीतभरही नसतो आणि त्याखाली जांभा दगड लागतो. अशा जागी ऐन जुलैत खणलेला खड्डा पाण्याने भरतो, मातीतली हवा निघून जाते आणि नुकत्याच पिशवीतून काढलेल्या रोपाची कोवळी मुळे गुदमरून कुजू लागतात. त्यातच दिवसेंदिवस ऊन पडत नसल्याने पानांचे अन्न तयार करण्याचे कामही मंदावते. उलट मेअखेरीस माती चांगली तापलेली असते, आणि तिच्यावर वळवाच्या सरी व पाठोपाठ मृगाचा पाऊस पडला की मुळांना ऊब आणि ओल एकाच वेळी मिळते. मृगात लावलेल्या रोपाला सप्टेंबरअखेरपर्यंत सुमारे १६ आठवडे पाऊस मिळतो, तर जुलैच्या शेवटी लावलेल्या रोपाच्या वाट्याला जेमतेम ९ आठवडे येतात. रोप जगते की नाही ते पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरते, आणि तोवर त्याचे मूळ जांभ्याच्या भेगांत खोल उतरलेले असावे लागते.

५ जूनची अडचण वेगळी आहे. एखादी सर पडून नंतर आठवडाभर उघडीप राहिली, तर रस्त्याकडेला लावलेल्या रोपांना पाणी घालायला कोणीही जात नाही. परसात विहीर किंवा नळ असेल तर मात्र मे महिन्यातही लागवड करावी. माडाच्या बाबतीत कासरगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेचा सल्लाही असाच आहे: पाण्याची सोय असेल तर पावसाळ्याच्या महिनाभर आधी रोप लावावे, म्हणजे मुसळधार पावसाआधी ते स्थिरावते, सखल, पाणी तुंबणाऱ्या जागी मात्र पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये लावावे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधालगत आणि भातशेताच्या कडेला झाडे लावू इच्छिणाऱ्यांनी हा दुसरा भाग विशेष लक्षात घ्यावा.

खड्डे मात्र आताच खणले पाहिजेत. काजूच्या कलमाला ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो, आंबा-फणसाला १ मीटरचा लागतो आणि जांभ्यात माड लावायचा असेल तर तो १.२ मीटरचा हवा. सुकलेल्या जांभ्यात पहारीवाचून काम होत नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून वळवाची एखादी सर झाल्यावर काम सुरू करावे. खड्ड्याला काही दिवस ऊन खाऊ द्यावे, मग वरच्या थरातली माती आणि कुजलेले शेणखत भरून, माडाचा सोडल्यास, तो जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा, कारण पावसाने भर खाली बसते आणि खोलगट राहिलेल्या खड्ड्याचे डबके होते. बुंध्याभोवतीचे आळे ऑक्टोबरमध्ये करावे; पावसाळ्यात तेथे मातीचा उंचवटाच बरा. लावताना पिशवी फाडून काढावी आणि तळाशी गुंडाळलेली मुळे छाटावीत, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये; पण शोभिवंत फलकाखाली पिशवीसकट पुरलेली रोपे अनेक वाचकांनी पाहिली असतील.

झुडपांकडे आपल्या कार्यक्रमांत कोणी पाहत नाही, कदाचित त्यांच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र खुलत नसावे. निर्गुडी, अडुळसा आणि जास्वंदीच्या फांद्या जूनमध्ये नुसत्या खोचल्या तरी सहज फुटतात, आणि करवंदाची दाट वई, म्हणजे कुंपण, मोकाट गुरांना लोखंडी जाळीइतकीच अडवते. चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीसाठी, घागऱ्या, कांगलां, कवंडळे असा रानमेवा शोधत लोकांना दरवर्षी अधिक दूर जावे लागते. सड्यावरची झुडपे साफ करून त्या जागी एकाच जातीच्या झाडांच्या रांगा लावल्यावर दुसरे काय होणार?

वनखाते व कृषी खाते यांच्या रोपवाटिकांनी रोपांचे वितरण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू करावे आणि जूनच्या आरंभी उघडणाऱ्या शाळांनी दुसऱ्या आठवड्यात, पावसाने जोर धरला आहे याची खात्री करून, लागवड करावी, अशी माझी विनंती आहे. वनमहोत्सवाचा आठवडा रद्द करावा असे मी म्हणत नाही. मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरणे आणि कुंपणे दुरुस्त करणे यासाठी तो उपयोगी पडेल. शिवाय गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली याची मोजणी त्याच आठवड्यात करून प्रत्येक पंचायतीने तो आकडा आपल्या सूचनाफलकावर लावावा.

कळावे,
आपला,
एक बागायतदार वाचक,
सावईवेरे, फोंडा