ला पाझमध्ये मला सावरणाऱ्यांना

बोलिव्हियातलं ला पाझ सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे हे वाचून गेलो होतो. छातीला ते सागार्नागा रस्त्याच्या चढावर कळलं. वीस पावलं चाललो की धाप. शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. गोल टोपी, घेरदार परकर नेसलेल्या ज्या मावशींनी न विचारता कोकाच्या पानांचा वाफाळता चहा हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत, त्यांचे मनापासून आभार. वेण्यांच्या टोकाला काळे गोंडे होते, एवढंच आठवतंय. नाव विचारायला दम कुठे होता!

प्रादो या शहरातल्या मुख्य रस्त्यावर मिनीबसना बिचकून उभा असताना हाताला धरून पलीकडे नेणाऱ्या झेब्र्याचेही आभार. हो, झेब्राच! पादचाऱ्यांना रस्ता ओलांडून देणारे हे वेशधारी तिथे २००१पासून आहेत. मुखवट्याआड मुलगा होता की मुलगी कोण जाणे, पण शेपूट हातात धरून मुजरा मात्र झोकात केला.

आणि संध्याकाळी वाट चुकलो तेव्हा लाल केबल कारच्या स्टेशनपर्यंत सोबत आलेले आजोबा. माझं स्पॅनिश 'ग्रासियास', म्हणजे 'धन्यवाद', एवढ्यापुरतं. वाटभर ते बोलत होते, मी मान डोलवत होतो.

ग्रासियास, आजोबा.